कुपवाडच्या वीजतंत्र्याला कायमचं परदेशी जायचंय: सहा लाख भरावेत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २८, गाव तासगाव तालुक्यात, सांगलीच्या आयटीआयमधून दोन वर्षांचा वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियनचा कोर्स, कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला सहा वर्षं. लग्न झालंय, मुलगी तीन वर्षांची. एक एजंट 'कॅनडाचं पीआर (कायम राहायचा परवाना) शंभर टक्के' म्हणून सहा लाख मागतोय आणि त्यासाठी वडील वीस गुंठे द्राक्षबाग विकायला तयार झालेत. पैसे भरावेत का, आणि कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जर्मनी यातलं काय निवडावं?

पैसे भरू नका आणि बाग विकू नका. एवढंच हवं असेल तर पुढे वाचायची गरज नाही. पण जायचंच असेल तर वाचा, कारण जाता येतं. मी गेलोय.

मी आटपाडी तालुक्यातला, तुमच्यासारखाच वीजतंत्री, १९९८ची बॅच. आधी तीन गळीत हंगाम साखर कारखान्यात, मग चार वर्षं कुपवाडलाच मोटार रिवाइंडिंगच्या, म्हणजे मोटारीत नवी तार भरायच्या, एका शेडमध्ये, मग आठ वर्षं कतार आणि २०१४ पासून कॅनडात ऑन्टॅरिओ प्रांतात. वर्क परमिटवर गेलो होतो, पीआर २०१७ला मिळालं. आता दोन महिने गावी आहे आणि रोज एक तरी पोरगं फाइल घेऊन दारात येतं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो.

आमच्याकडे माणूस बाहेर पडतो तो ओळखीवर. खानापूर-आटपाडीतली गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारी, माणसं भारतभर पोचली, ती कशी? चुलत्याने केरळात सोन्या-चांदीच्या गलाईचं दुकान टाकलं की पुतण्या दहावीचा निकाल लागल्या लागल्या तिकडे. मुशीपुढे बसला, चार चटके खाल्ले, शिकला. त्याला कुणी सर्टिफिकेट विचारलं नाही, चुलत्याचं नाव पुरलं. ही पद्धत चांगलीच आहे, आमच्या दुष्काळी पट्ट्यातली कितीतरी घरं तिने उभी केली. पण एजंटाचा धंदाही याच सवयीवर चालतो. आपल्याला वाटतं, कुणीतरी 'लावून देईल'. परदेशात कायमचं राहायचं म्हटलं की लावून देणारा चुलता नसतो. अर्ज तपासणारा तुमची वायरिंग बघत नाही, पॅनेलची फिनिशिंग बघत नाही. त्याच्यापुढे फक्त कागद असतो, आणि कागदात जे नाही ते तुम्ही केलेलंच नाही.

आखाताचं वेगळं आहे. तिथे हाताला काम आलं की चालतं, पण कामगाराला तिथे कायमचं राहायला मिळत नाही. कंत्राट संपलं की परत. मी आठ वर्षं राहिलो आणि निघताना दोन बॅगा घेऊन निघालो. तरी तिथली वर्षं अनुभवात धरतात, हे लक्षात ठेवा.

आता त्या सहा लाखांचा हिशोब करू. कॅनडाची सरकारी फी २०२४च्या दराने मोठ्या माणसाला १,५२५ डॉलर आणि मुलाला २६०. तुम्ही दोघं आणि मुलगी मिळून ३,३१० कॅनेडियन डॉलर, म्हणजे साधारण दोन लाख रुपये. तेही अर्ज करायचं निमंत्रण आल्यानंतर भरायचे. त्याआधी लागते ती इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा, माणशी अठरा हजारांच्या आसपास, आणि कागदपत्रांचा किरकोळ खर्च. मग बाकीचे कशाचे, हे त्याला तोंडावर विचारा. कॅनडाच्या अर्जासाठी पैसे घेऊन सल्ला देणारा एकतर तिथला वकील लागतो, नाहीतर तिथल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या नियामक कॉलेजचा परवानाधारक. त्यांची यादी त्या कॉलेजच्या वेबसाइटवर नावाने शोधता येते. दोन मिनिटांचं काम आहे. आणि 'नोकरी लावून देतो' म्हणत असेल तर तो आपल्या परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला भरती एजंट हवा. ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचा नोंदणी क्रमांक दिसला पाहिजे, आणि अशा एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. 'एलएमआयए काढून देतो, त्याचे वेगळे' असं म्हणाला तर उठून या. एलएमआयए म्हणजे परदेशी कामगार ठेवायची मंजुरी, ती तिकडचा मालक काढतो, तिची १,००० डॉलर फी मालकाने भरायची असते आणि ती कामगाराकडून वसूल करायला बंदी आहे.

आणखी एक गोष्ट एजंट सांगत नाही. तिकडच्या नोकरीवर आधीच नसाल तर तिथे उतरल्यावर घर चालवण्यापुरते पैसे तुमच्या खात्यात आहेत, हे दाखवावं लागतं. तीन माणसांच्या कुटुंबाला २०२५च्या आकड्याप्रमाणे २३ हजार डॉलरच्या वर, म्हणजे चौदा-पंधरा लाख. आकडा दरवर्षी बदलतो. हे पैसे कुणाला द्यायचे नसतात, आपलेच असतात, पण ते उसने चालत नाहीत आणि जमिनीची किंमत त्यात धरत नाहीत. बागेचा सातबारा तिथे कामाचा नाही. म्हणजे बाग विकून एजंटाला सहा लाख दिले, तर दाखवायला काय उरलं?

आता खरं काम. ते कुपवाडातच सुरू होतं आणि त्याला एजंट लागत नाही.

माझं काय झालं ते आधी सांगतो. रिवाइंडिंगच्या शेडमध्ये चार वर्षं मी पाच एचपीपासून दीडशे एचपीपर्यंतच्या मोटारी भरल्या. पगार शनिवारी रोख, हजेरी मालकाच्या वहीत. पीएफ नाही, पगाराची पावती नाही. पुढे मालक थकले, शेड बंद झाली, वही रद्दीत गेली. कॅनडात अर्ज करताना ती चार वर्षं मला एका ओळीनेही सिद्ध करता आली नाहीत. जे काम मला सगळ्यात चांगलं येतं, ते मी कागदोपत्री कधी केलंच नाही. कतारच्या कंपनीने पत्र दिलं, पण त्यात पद 'टेक्निशियन' आणि खाली 'वर्तणूक चांगली' एवढंच. टेक्निशियन म्हणजे एसीचा की लिफ्टचा? दुसरं पत्र मिळवायला सात महिने फोन केले.

म्हणून तुम्ही या महिन्यातच, नोकरी चालू असताना, मालकाशी संबंध गोड असताना पत्र घ्या. कंपनीच्या लेटरहेडवर, सहीच्या खाली सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि फोन. रुजू झाल्याची तारीख, पद 'इलेक्ट्रिशियन', आठवड्याचे तास, पगार. आणि मुख्य म्हणजे काम काय करता ते सविस्तर. 'मेंटेनन्सची कामे' असं लिहिलेलं पत्र फाडून टाकायच्या लायकीचं. त्याऐवजी असं हवं: मोटार स्टार्टर आणि कंट्रोल पॅनेलची जोडणी व दुरुस्ती, केबल टाकणे आणि टर्मिनेशन, अर्थिंग तपासणी, मेगरने इन्सुलेशन टेस्ट, ब्रेकडाउनमध्ये दोष शोधणे, ड्रॉइंग वाचणे. जे करता तेच लिहून घ्या. खोटं लिहिलं तर पुढे तोंडी परीक्षेत पाच मिनिटांत उघडं पडतं, आणि खोटी कागदपत्रं दिल्याचा शिक्का बसला की कॅनडाची दारं पाच वर्षं बंद. पत्राला पुरावा म्हणून पीएफचं पासबुक, पगाराच्या स्लिप, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी, फॉर्म १६ असेल तर तो. पीएफ पासबुकातली मालकाची नोंद आणि पत्रातल्या तारखा जुळतात का ते बघा. अनेक कारखान्यांत पहिलं वर्षभर ठेकेदाराच्या नावावर ठेवतात, तेव्हा त्या वर्षाचं पत्र ठेकेदाराकडूनच घ्यावं लागतं.

साखर कारखान्यातल्या हंगामी पोरांसाठी दोन शब्द. कॅनडा अनुभव तासांत मोजतं, आठवड्याला ३० तास धरून वर्षाला १,५६० तास. हंगाम पाच महिन्यांचा आणि बाकी घरी, असं असेल तर तीन हंगाम म्हणजे तीन वर्षं होत नाहीत. ऑफ सीझनला ओव्हरहॉलिंगला बोलावलं असेल तर ते महिने पत्रात वेगळे लिहून घ्या.

मग नाव. आपल्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, मग स्वतःचं, मग वडिलांचं, कुठे शेवटी आईचंही. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. आधारवर स्पेलिंग तिसरंच. इथे कुणाला काही वाटत नाही, पण तिकडच्या माणसाला 'पाटील संभाजी आनंदराव' आणि 'संभाजी आनंदराव पाटील' ही दोन माणसं वाटू शकतात. पासपोर्ट हा मूळ धरा आणि बाकी सगळं त्याला जुळवा. बायकोचं लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव जोडणारं विवाह नोंदणी प्रमाणपत्र आत्ताच काढून ठेवा. आयटीआयच्या राष्ट्रीय प्रमाणपत्रात चूक असेल तर दुरुस्तीला किती चकरा होतात हे तुम्ही सांगलीत राहता, मी सांगायला नको. विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयाकडचं वायरमनचं किंवा सुपरवायझरचं लायसन्स काढलं नसेल तर काढा. तिकडे त्यावर काम करता येत नाही, पण फाइलला वजन येतं.

आता देश.

कॅनडात हातकामाच्या कारागिरांसाठी वेगळी योजना २०१३ पासून आहे. मागच्या पाच वर्षांत दोन वर्षांचा अनुभव आणि आयईएलटीएस जनरलमध्ये बोलणं-ऐकणं ५, वाचन ३.५, लेखन ४. एवढं ऐकलं की पोरांना गगन ठेंगणं होतं, आणि एजंटही इथेच थांबतो. पुढची अट अशी की तिथल्या मालकाची किमान वर्षभराच्या कामाची ऑफर हवी, नाहीतर तिथल्या प्रांताचं त्या ट्रेडचं सर्टिफिकेट. ते सर्टिफिकेट सांगलीत बसून मिळत नाही. ऑन्टॅरिओत बांधकाम आणि देखभालीच्या इलेक्ट्रिशियनला, ज्याला तिथे ३०९ए म्हणतात, परवाना सक्तीचा आहे. त्यासाठी ९,००० तासांचं प्रशिक्षण किंवा तेवढा सिद्ध केलेला अनुभव लागतो आणि वर लेखी परीक्षा.

दुसरा दरवाजा कुशल कामगारांच्या सर्वसाधारण योजनेचा. तिथे ऑफर लागत नाही, पण १०० पैकी ६७ गुण लागतात. तुमचं गणित मी मांडून बघितलं. वयाचे १२, सहा वर्षांच्या अनुभवाचे १५, आयईएलटीएसच्या चारही भागांत ६ आणले तर भाषेचे १६. झाले ४३. तुमच्या बायकोनेही परीक्षा देऊन किमान पातळी गाठली तर आणखी ५. मग सगळं अडतं ते शिक्षणाच्या मूल्यांकनावर. तुमची आयटीआय शाळेनंतरचा दोन वर्षांचा कोर्स म्हणून धरली तर १९ गुण, बरोबर ६७, अगदी काठावर. नुसतं शालेय शिक्षण धरलं तर ५, आणि विषय संपला. काठावर आत आलात तरी पुढे सगळ्या उमेदवारांची वेगळी क्रमवारी लागते. २०२३ पासून ट्रेडवाल्यांसाठी निमंत्रणाच्या स्वतंत्र फेऱ्या निघतात ही जमेची बाजू. या क्रमवारीतले वयाचे गुण तिशीपासून दरवर्षी उतरतात ही घाईची बाजू. नोकरीच्या ऑफरला पूर्वी जादा गुण होते, ते मार्च २०२५ मध्ये बंद झाले. एजंटाच्या रंगीत पत्रकात ते अजून असतील.

ऑस्ट्रेलिया तुमच्यासारख्याला मला जास्त सरळ वाटतं. तिथे आधी ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया, म्हणजे टीआरए, तुमचं कौशल्य तपासतं. आधी कागद, मग इलेक्ट्रिशियनला प्रत्यक्ष काम करून दाखवायला लावतात. खर्च काही हजार डॉलर येतो, पण त्याची रीतसर पावती मिळते आणि नापास झालात तर निदान कशात ते कळतं. पास झालात की हातात येतं ते तांत्रिक कौशल्याचं प्रमाणपत्र, पूर्ण परवाना नव्हे. तिकडे उतरल्यावर आधी कुणाच्या तरी देखरेखीखाली काम, मधलं कमी पडलेलं प्रशिक्षण भरून काढायचं, आणि मग लायसन्स. निमंत्रण येईपर्यंत वय ४५च्या आत आणि किमान ६५ गुण हवेत. १८९ आणि १९० हे व्हिसा पहिल्या दिवसापासून कायमचे. ४९१ हा मोठ्या शहरांबाहेरच्या भागासाठी पाच वर्षांचा, तीन वर्षांनी त्यातून कायमच्या व्हिसाला अर्ज करता येतो. आपण कुपवाडातून जाणार, छोट्या गावाची भीती आपल्याला कशाला?

जर्मनीत पैसे सगळ्यात कमी आणि अभ्यास सगळ्यात जास्त. मार्च २०२४ पासून तिथे एक सोय झाली आहे. आपल्याकडे सरकारमान्य असा किमान दोन वर्षांचा कोर्स, हातात नोकरीचा करार आणि जर्मन भाषेची ए२, म्हणजे प्राथमिक, पातळी असेल तर आधी जाऊन कामाला लागायचं आणि पात्रतेची मान्यता तिथे राहून पूर्ण करायची. तुमचा वीजतंत्रीचा कोर्स दोन वर्षांचा, म्हणून बसतो. वेल्डर, प्लंबर, डिझेल मेकॅनिक यांचे कोर्स एक वर्षाचे, ते इथेच अडकतात. हे आयटीआयला प्रवेश घेताना कुणी सांगत नाही. मान्यता मिळून कुशल कामगार म्हणून तीन वर्षं झाली, पेन्शनचे हप्ते भरले आणि त्यावरच्या बी१ पातळीचं जर्मन आलं की कायमचा परवाना. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केलाय, त्याची चौकशी तुमच्या आयटीआयमध्येच करा. शिफ्ट करून आठवड्याला दहा तास जर्मन होईल का, हे मात्र स्वतःला खरं खरं विचारा. माझ्याने झालं नसतं.

मी तुमच्या जागी असतो तर सहा महिने कागद आणि इंग्रजी, मग टीआरए. कॅनडाची प्रोफाइल, म्हणजे त्या क्रमवारीत उभं राहायची ऑनलाइन नोंद, बाजूला चालू ठेवायची, ती भरायला पैसे पडत नाहीत.

इंग्रजी म्हणजे पुस्तकातलं नव्हे. कॅनडात पहिल्या महिन्यात मी एक जंक्शन बॉक्स उघडला आणि हात सरळ काळ्या तारेकडे गेला. आपल्याकडे काळी म्हणजे न्यूट्रल, हाताला पाठ. फोरमनने मनगट धरलं. तिकडे काळी म्हणजे फेज, जिवंत तार, न्यूट्रल पांढरी. त्याने टेस्टर लावून दाखवलं, एक शब्द बोलला नाही. जर्मनीत न्यूट्रल निळी असते आणि आपली निळी म्हणजे तिसरी फेज, तेव्हा तिथे घोटाळा वेगळा. ऑस्ट्रेलियात पक्क्या वायरिंगमध्ये न्यूट्रल काळीच, तेवढं आपल्या सोयीचं.

त्याच आठवड्यात मी तारा पिळून, वर टेप गुंडाळून सुबक जॉइंट केला होता. आपल्या शेडमध्ये असल्या जॉइंटला शाबासकी मिळायची. त्याने तो पकडीने कापला आणि माझ्या तळहातावर एक प्लास्टिकची टोपी ठेवली, आत धातूची स्प्रिंग असलेली. तिला मॅरेट म्हणतात. तारा त्यात घालून फिरवायची. टेपचा जॉइंट तिथल्या इन्स्पेक्टरला दिसला तर अख्खं काम नापास. आणखी एक: कुपवाडला मोटारीवर काम करायचं तर आम्ही मेन बंद करून तिथे एक पोरगं उभं करायचो, 'कुणाला हात लावू देऊ नको' म्हणून. तिकडे प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप आणि नावाचा टॅग. स्विचला चार माणसांची चार कुलपं, किल्ली ज्याची त्याच्या खिशात. चौथं निघेपर्यंत लाइन चालू होत नाही. ही एक पद्धत मात्र मी इथल्या प्रत्येक कारखान्यात सांगत फिरतो.

बाकी व्होल्टेज निराळं, कारखान्यात तीन फेजला ६०० व्होल्ट, आणि ६० हर्ट्झमुळे आपली १४४० फिरणारी मोटार तिथे साडेसतराशेच्या आसपास फिरते. हे दोन दिवसांत कळतं. परवान्याच्या परीक्षेत गाठ पडते ती नियमांच्या पुस्तकाशी. प्रश्न पर्यायी, पास व्हायला ७० टक्के, कोड बुक जवळ ठेवू देतात. मला पहिल्या वेळी ६४ पडले. मोटारीचे सगळे बरोबर, पण कुठल्या पाइपात किती तारा चालतात याचा तक्ता मला पुस्तकात सापडेना. वेळ तिथे गेला. दुसऱ्या वेळी तीन महिने मी इलेक्ट्रिकल नव्हे, ते पुस्तक उघडायचा सराव केला. मुलगा घड्याळ लावून प्रश्न विचारायचा आणि मी पान शोधायचो.

आता जमिनीचं. पीआर मिळालं म्हणून भारतीय नागरिकत्व जात नाही. पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहायचं, एवढी पीआर टिकवायची अट. तिथलं नागरिकत्व घेतलं की मात्र आपला पासपोर्ट जातो, मग ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं, कार्ड काढायचं. एकदा अनिवासी झालात की, पासपोर्ट आपलाच असला तरी, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने येते, आधीची असेल ती राहते. म्हणजे ते वीस गुंठे आज विकले आणि उद्या डॉलर कमावून शेजारचे तीस घ्यायचे म्हटलं, तर तुमच्या नावावर घेता येणार नाहीत. बाग विकू नका म्हणालो त्याचं हे दुसरं कारण.

आई-वडिलांसाठी कॅनडात सुपर व्हिसा आहे, एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, मुलाचं उत्पन्न आणि वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. मी वडिलांना मे महिन्यात नेलं. पाच वर्षांचा शिक्का होता. सप्टेंबरात डाळिंबाचा हस्त बहार धरायचाय म्हणून तिकीट काढायला लावलं आणि परत आले.